दमलो नाहीये, दगड बघतोय

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला एक रोग जडतो. कुठलाही चढ दिसला की तो म्हणतो, "हॅ, एवढंच?" पेरूमधल्या कुस्को शहरात उतरलो तेव्हा माझा हा रोग चांगलाच बळावलेला होता.

माचू पिचूला जायच्या आधी दोन दिवस मुक्काम, तेवढ्यात शहर उरकायचं, असा बेत. लिमा समुद्राकाठी. तिथून विमान सव्वा तासात तुम्हाला थेट ३४०० मीटरवर आणून टाकतं. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी शंभरेक मीटर कमीच पडतील. हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांश, म्हणजे तीन श्वास घ्यावेत तेव्हा दोनाचा माल पदरात. हे सगळं मी वाचून गेलो होतो. पण वाचलेलं डोक्यात होतं आणि चौदा किलोची सॅक पाठीवर.

हॉस्टेल सान ब्लासला. मुख्य चौकापासून दहा मिनिटं, असं नकाशा म्हणत होता. नकाशाचं काय जातंय म्हणायला, तो सपाट असतो.

हातुन रुमियोक नावाच्या दगडी बोळात शिरलो आणि कानात ढोलपथक सुरू झालं. एक आजीबाई शेजारून तुरुतुरु पुढे गेल्या. त्यांच्या पाठीवरच्या रंगीत पट्ट्यांच्या गाठोड्यातून एक बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं. एवढा घामाघूम माणूस त्याने पाहिला नसावा. आता थांबणं भाग होतं, पण पुणेकर उगीच थांबत नाही, त्याला कारण लागतं. ते समोरच होतं. इंकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या इथल्या राज्यकर्त्यांच्या, भिंतीतला प्रसिद्ध बारा कोनांचा दगड. चुना नाही, माती नाही, शेजारचे दगड असे चपखल बसवलेले की फटीत पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. हात लावायला बंदी आहे, नाहीतर मी मिठीच मारणार होतो. मी कोन मोजले. अतिशय सावकाश मोजले.

हॉस्टेलच्या बाईंनी माझा चेहरा बघून न विचारता कोकाच्या पानांचा चहा पुढे केला. चव वाळल्या गवताची, पण डोकं जरा उतरलं. तेवढ्यात आईचा फोन.

"कसला चहा म्हणालास?"

"कोकाचा. इथे सगळे पितात गं."

"त्याचंच ते कोकेन करतात ना? आलं घालून पी हो निदान."

दुसऱ्या दिवशी प्रेक्षणीय स्थळं. माझी निवड सोपी होती: जिथे बसायला मिळतं ते प्रेक्षणीय. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेलं 'शेवटचं भोजन' हे चित्र आहे, त्यात येशूच्या पुढ्यातल्या ताटात स्थानिक मेजवानीचा गिनीपिग चारी पाय वर करून पडलाय. त्या ताटात मला माझंच व्यक्तिचित्र दिसलं. मी तिथे इतका वेळ रेंगाळलो की एका गाईडने मला चित्रकार समजून आदराने वाट दिली. हे कॅथेड्रल बांधायला १५६० साली घेतलं आणि १६५४ साली संपवलं. चौऱ्याण्णव वर्षं! पुस्तकं काहीही कारणं देवोत, मला खरं कारण कळलंय. तेही मधे मधे भिंतीला टेकून उभे राहत असणार. त्यातून बरेचसे दगड वरच्या साक्साय्वामान किल्ल्यातून काढून आणलेले, म्हणजे त्यांना निदान उतार तरी होता.

किल्ला मी खालूनच पाहिला. खालूनही छान दिसतो.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी ही तालीम चालली होती ते माचू पिचू आहे २४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. हे मला हॉस्टेलच्या बाईंनी निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं, तिसरा चहा ओतता ओतता.

सकाळी सॅक घेऊन उतरताना बोळात एक नवा गडी दिसला. उंच, गोरा, पाठीवर भलंमोठं ओझं, ओठ निळसर. बारा कोनांच्या दगडासमोर हात कमरेवर ठेवून उभा.

"सुंदर आहे," तो कसाबसा म्हणाला.

"फारच," मी म्हणालो. "किती मोजलेत?"

"नऊ."

"बारा आहेत. पुन्हा पहिल्यापासून मोजा."

त्याने इतक्या कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिलं की मीही सॅक खाली ठेवली आणि त्याच्यासोबत मोजायला लागलो.