सहकुटुंब राहण्याजोगे शहर पाहिजे

एकट्यापुरते शहर निवडायचे असते तर खोली आणि कचेरी यांतले अंतर पाहून काम भागले असते. परंतु ‘सहकुटुंब राहण्याजोगे शहर’ शोधायचे म्हटले की घरातला प्रत्येक जण एकाएकी नगररचनाकार होतो. आमच्या घरी हे गुऱ्हाळ सुरू झाले तेव्हा वादाला काही शास्त्रीय बैठक असावी, म्हणून मी ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ या संशोधन संस्थेचा, शहरे राहण्यास किती योग्य आहेत हे मोजणारा निर्देशांक सर्वांसमोर ठेवला. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच विषयांत तो 173 शहरांची परीक्षा घेतो. सलग तीन वर्षे पहिल्या आलेल्या व्हिएन्नाला 2025 मध्ये कोपनहेगनने मागे टाकले. या दोहोंपैकी कोठेही आम्हाला जायचे नव्हते, तरीही या निकालावरून घरात दोन तट पडलेच.

शिक्षणाला 100 पैकी अवघे 10 गुण ठेवलेले आहेत, हे चिरंजीवांनी तत्काळ हेरले आणि ‘इतके समंजस तज्ज्ञ आपण पाहिले नाहीत’ असे जाहीर केले. मुळात हा सारा खटाटोप कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कोणत्या शहरासाठी किती गैरसोय भत्ता द्यावा हे ठरवता यावे म्हणून सुरू झाला. 50 किंवा त्याहून कमी गुणांच्या शहरासाठी पगाराच्या 20 टक्के भत्ता सुचवला जातो. शहर निवडताना घरातच होणाऱ्या हालांसाठी अशी काही तरतूद आढळली नाही. शिवाय या गुणांत महागाई धरलेलीच नाही, म्हणजे आमच्या दृष्टीने उत्तरपत्रिकेतला पहिलाच प्रश्न कोरा!

मग आम्ही स्वतःचा तक्ता केला. पत्नीने हवेच्या रकान्यात जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा घातली: अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. इतकी शुद्ध हवा जगात फारच थोड्यांच्या नशिबी असल्याने जवळजवळ अख्खी यादी एका फटक्यात बाद झाली आणि उरल्या त्या गावी नोकऱ्या नव्हत्या. शेवटी मर्यादा शिथिल करून शहरांना पुन्हा आत घ्यावे लागले.

खरी खडाजंगी प्रवासावरून झाली. माणूस कोणत्याही काळी रोज सरासरी तासभर प्रवास करत आला आहे, असे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडले होते. लांबचे पण ऐसपैस घर पदरात पाडून घेण्यासाठी मी हा दाखला दिला. त्यावर पत्नीने शांतपणे विचारले, ‘‘हा तास कोणाचा? तुमचा, माझा, की दोन मुलांना दोन दिशांच्या दोन शाळांत पोहोचवणाऱ्याचा?’’ मार्केटींच्या वतीने मला काहीही बोलता आले नाही. शाळेजवळची घरे पाहावीत, तर पालकांची तेथे उडी पडते हे घरमालकांना पुरते ठाऊक असते आणि भाडे त्या हिशेबानेच सांगितले जाते.

आईने तक्ता नीट वाचून पाहिला आणि एवढेच विचारले, ‘‘रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठवायचे, ते यात कुठे लिहिले आहे?’’ लिहिलेले नव्हते. तिने ‘शेजार’ असा रकाना काढायला लावून त्याला आपल्या अधिकारात 30 गुण दिले आणि एकूण बेरीज 130 झाली. मुलीने सगळे आकडे पुन्हा शंभरात बसवून दिले, पण त्या गडबडीत उद्यानांचे गुण दुप्पट झाल्याचे दुसऱ्या दिवशी उघडकीस आले.

आता दोन शहरे उरली आहेत. तक्त्याला पासवर्ड घातलेला असून तो फक्त पत्नीला ठाऊक आहे.