छोटा हत्ती आणि चार आकडे

मंगळवारी रात्री साडेअकराला मी फोनचा पिन बदलला. कारण सांगितलं तर हसाल, पण सांगतो. भाचीचा मुलगा, वय वर्षं सात, सुट्टीला आला होता, त्याने माझा १२३४ दोन मिनिटात ओळखला आणि व्हॉट्सॲपच्या डीपीला माकडाचा फोटो लावला. लावला तर लावला, पण दोन दिवस नातेवाईकांपैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही, हे जास्त लागलं. म्हणून मग ठरवलं, असा नंबर टाकायचा की बापजन्मात कुणाला सापडणार नाही. टाकला, खात्रीसाठी परत टाकला, आणि चार्जर न लावताच झोपलो.

सकाळी फोन मेलेला. चार्ज करून चालू केला, अंगठा ठेवला, तर म्हणे रीस्टार्टनंतर पिन टाका. म्हणजे बघा, रेशनच्या दुकानात अंगठा चालतो, आधारला अंगठा चालतो, आणि मी स्वतः पैसे मोजून घेतलेल्या फोनला माझा अंगठा चालत नाही.

आणि पिन? डोकं साफ कोरं. रात्री काहीतरी भारी सुचलं होतं आणि मी स्वतःवरच खूश झालो होतो एवढंच आठवत होतं. कशावर खूश झालो ते नाही.

१२३४ टाकून पाहिला, अर्थातच नाही. जन्मसाल टाकलं, नाही. मग लग्नाची तारीख टाकली. फोन म्हणाला चूक, आणि मागे चहा घेऊन उभी असलेली बायकोही म्हणाली चूक. "अहो, सतरा. एकोणीस नाही." पुढचा अर्धा तास मी फोनकडे पाहिलंच नाही, कारण घरात त्याहून मोठं प्रकरण सुरू झालं होतं. पाच चुका झाल्या की तीस सेकंद थांबा म्हणतो. मी हिशेब केला (रिटायर्ड माणूस, दुसरं काय करणार). चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता, प्रत्येकीला तीस सेकंद धरले तरी साधारण ८३ तास, म्हणजे न झोपता साडेतीन दिवस. म्हटलं जमेल. पण तो लबाड पुढे पुढे थांबायची वेळ वाढवत नेतो, त्यामुळे तो बेत सोडला.

मजा म्हणजे फोन येत होते, पण नाव दिसत नव्हतं. पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत त्याला म्हणे आतली नावं वाचता येत नाहीत, नुसता नंबर दाखवतो. एकाला मी "बोला बोला, कसे आहात" करत दहा मिनिटं गप्पा मारल्या, शेवटी कळलं तो लोन देणारा होता. पूर्वी लँडलाइनच्या काळात मला पन्नासेक नंबर तोंडपाठ होते, अगदी मामाच्या शेजाऱ्यांचासुद्धा, कारण मामाकडे फोनच नव्हता. आता बायकोचा नंबर विचारलात तर शेवटच्या दोन आकड्यांवर गाडी अडते.

हे मोबाइल रिपेअरच्या दुकानात कळलं. पोरगा जेमतेम विशीचा, एका कानात इअरबड. "काका, दुसरा नंबर सांगा, झालं की कॉल करतो." मी आठ आकडे जोरात सांगितले आणि पुढचे खोकल्यात घातले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की या माणसाने पिन विसरला यात आश्चर्य ते काय. मग म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. सगळं जाईल. बॅकअप आहे ना?"

बॅकअप. गूगलचे फुकटचे १५ जीबी भरले तेव्हा ते महिन्याला पैसे मागायला लागले, आणि आम्ही काय पैसे देणारी जात नव्हे, सरळ बॅकअप बंद केला. आत चार हजार गुड मॉर्निंग आहेत ते गेले तरी चालतील, पण आईच्या आवाजात कैरीच्या लोणच्याचं प्रमाण आहे. तिला परत विचारायला गेलो तर ती म्हणेल अंदाजाने घालायचं.

"आणि फॉरमॅट मारल्यावर जुन्या जीमेलचा पासवर्ड लागेल," पोरगा म्हणाला. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून ही सोय, २०१५ च्या सुमारास अँड्रॉइडमध्ये आली. तो पासवर्ड कुठे लिहिलाय? फोनमध्ये. मी फोन उचलला आणि रिक्षाने घरी आलो. रिक्षावाल्याला द्यायला सुटे नव्हते कारण यूपीआय आल्यापासून मी पाकिटात फक्त साईबाबांचा फोटो ठेवतो. बायकोने वरून पिशवीत पैसे सोडले. अख्ख्या सोसायटीने पाहिलं.

मुलीने बंगळुरूहून आईच्या फोनवर सल्ला दिला की बाबा, ज्या जागी बसून पिन टाकला होतात तिथेच, त्याच वेळी जाऊन बसा. मला पटलं नाही, पण शुक्रवारी रात्री साडेअकराला बसलो बाल्कनीत. तीच खुर्ची, तोच डास. समोर पाहिलं तर गेटसमोरची जागा रिकामी, नुसता ऑइलचा डाग. आणि डोक्यात एकदम लख्ख! तिथे रोज रात्री एक छोटा हत्ती लागतो, भाजीचा. मंगळवारी त्याच्यावरून माझं भांडण झालं होतं, त्या रागात समोर दिसत होता तोच नंबर मी पिन म्हणून टाकला होता. एमएच १४ पुढची अक्षरंसुद्धा आठवली. चार आकडे सोडून सगळं आठवलं.

खाली पळालो. वॉचमन म्हणाला टेम्पो नारायणगावला टोमॅटो भरायला गेलाय, उद्या परवा येईल.

"त्याचा नंबर काय रे?"

"ड्रायव्हरचा?"

"टेम्पोचा."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला नाय माहीत साहेब." रोज रात्री त्याच्याच टपावर बसून डबा खातो हा माणूस! "गरीब माणूस आहे साहेब, एकदा कम्प्लेंट केलीत ना, आता कशाला पुन्हा."

"अरे कम्प्लेंट नाही, माझा फोन उघडायचाय त्या नंबरने." हे वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच कळलं की आता तो मला काहीच सांगणार नाही. उलट तो जरा मागे सरकला.

वर येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे मटार सोलत होती. म्हणाली, "कम्प्लेंट कुठे केली होतीत?"

"सोसायटीच्या ग्रुपवर."

तिने हात पुसले, स्वतःचा फोन घेतला, अंगठ्याने वर वर सरकवत गेली आणि माझ्यासमोर धरला. मंगळवार, रात्री अकरा वाजून बारा मिनिटं. 'सदर वाहन नेहमी गेट अडवते, कृपया सर्वांनी नंबर नोंद करून ठेवावा.' खाली नंबर, ठळक अक्षरात, आणि नंबरप्लेटचा क्लोजअप. एकोणीस जणांनी अंगठा दाखवलेला.

टाकला. उघडला.

लोणचं सुखरूप होतं. ७१ मिस्ड कॉल, त्यातले बरेच लोनवाल्याचे. मी आधी तो मेसेज शोधला, म्हटलं डिलीट फॉर एव्हरीवन करून टाकू. पण त्याची मुदत दोन दिवस आणि बारा तास, ती सकाळीच संपलेली. आता फक्त डिलीट फॉर मी येतंय. म्हणजे माझ्या एकट्याच्या फोनमधून पुसला जाईल आणि ग्रुपातल्या बाकी ८५ जणांकडे राहील. पिन बदलावा म्हणून सेटिंगमध्ये दोनदा गेलो आणि दोन्हीदा तसाच बाहेर आलो.