कृपया खोलात शिरावे

बाथरूमच्या भिंतीला ओल आली. आधी नकाशासारखा एक डाग उमटला, मग रंगाला फुगे आले, मग पोपडे गळायला लागले. पोपडे झाडायचं काम घरच्यांनी वाटून घेतलं आणि इमारतीच्या समितीला पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे असा घरात एक समज आहे. तो मीच पसरवलेला आहे.

गळतीबद्दल मराठीत लिहिलं तर ती कटकट होते. इंग्रजीत लिहिलं की तिचं 'मॅटर' होतं. मी दोन परिच्छेद मॅटर लिहिलं आणि शेवटी ठेवणीतला शब्द काढला. समितीने कृपया या प्रकरणात 'डेल्व्ह' करावं.

हा शब्द माझा शाळेपासूनचा. शब्दकोशात 'डेल्यूज' म्हणजे महापूर शोधत होतो, त्याच्या जरा खाली हा सापडला. त्या पानावरचा क्रम अजून पाठ आहे: डेल्यूज, डिल्यूजन, डीलक्स, डेल्व्ह. महापूर, भ्रम, आलिशान, खणणे. आमच्या बाथरूमची अख्खी कहाणी याच क्रमाने घडणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

पत्र मुलीला वाचायला दिलं. शेवटच्या ओळीपर्यंत ती गंभीर होती. मग म्हणाली, "बाबा, हे एआयकडून लिहून घेतलंस ना?"

मला आधी कौतुकच वाटलं. मग तिने समजावून सांगितलं. 2022च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि त्याला हा शब्द फार प्रिय निघाला. पुढच्या दीड-दोन वर्षांत वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत 'डेल्व्ह' इतका वाढला, की अभ्यासकांनी त्याची मोजदाद केली आणि तो यंत्राच्या हाताचा ठसा मानला जाऊ लागला. थोडक्यात, चोराच्या पायाला जो बूट सापडला, तोच मी तीस वर्षं पॉलिश करून वापरत होतो. "तू 'लूक इंटू' लिही," ती म्हणाली. लूक इंटू! म्हणजे नुसतं डोकावणं. आमच्या भिंतीत गेले दोन महिने सगळे डोकावतच होते.

शब्द बदलायचा नाही असं ठरवलं, पण त्याची बाजू मांडण्यासाठी मलाच त्याच्या खोलात शिरावं लागलं. आणि शिरल्यावर जरा ओशाळलो. इतकी वर्षं मी याला कोट-टायमधला, ग्रंथालयात बसणारा शब्द समजत होतो. निघाला फावडेवाला. जुन्या इंग्रजीत 'डेल्फान' म्हणजे सरळ जमीन खणणे. मध्ययुगात याचा भूतकाळ 'डॉल्व्ह' असाही व्हायचा आणि पुरणं या अर्थानेही तो चालायचा; खड्डा खणणारा आणि बुजवणारा एकच. इंग्लंडमध्ये 1381 साली शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा जॉन बॉल नावाच्या धर्मोपदेशकाने विचारलं होतं, की आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती, तेव्हा उमराव कोण होता? त्या 'खणत होता'च्या जागी हाच शब्द आहे. बॉलला त्याच वर्षी जुलैत देहदंड झाला. म्हणजे हा शब्द वापरणाऱ्यांवर वरच्यांची वक्रदृष्टी पहिल्यापासूनच आहे, असं मी मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "तरी 'लूक इंटू' लिही."

पुढे फावडं गळून पडलं आणि लोक कागदपत्रांत, भूतकाळात, पिशवीत, कशातही डेल्व्ह करू लागले. पिशवीतलं मला चांगलंच माहीत आहे. दारात उभं राहून किल्ली शोधताना हात कोपरापर्यंत आत जातो. पेनाची दोन टोपणं, चष्म्याचं फडकं, गोळ्यांचं संपलेलं पाकीट असा एकेक थर वर येतो आणि किल्ली शर्टाच्या खिशात असते. याला खरं तर 'रमेज' म्हणायचं, कारण तो शब्द जहाजात माल रचण्यावरून आला. आणि त्याच वेळी आतून कोणी येऊन पिशवी उलटी केली, तर ते 'रॅन्सॅक'. तो नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांचा, मूळ अर्थ घराची झडती.

आपल्याकडे मात्र या बाबतीत चोख वाटणी आहे. आपण केलं की खोलात जाणं, मुळाशी जाणं, पाळंमुळं खणून काढणं. तेच दुसऱ्याने केलं की उकरून काढणं. खणायला अवजार लागतं, उकरायला नखं पुरतात, हा फरक मराठीत भांडणाच्या भरातसुद्धा कोणी चुकत नाही. बिचाऱ्या इंग्रजाला दोन्हीकडे डेल्व्हच करावं लागतं.

व्याकरणाची एक अडचण तेवढी आहे. आजच्या वापरात याच्यापुढे बहुधा 'इंटू' लागतं. मॅटरलाच डेल्व्ह केलं तर चालत नाही, मॅटरमध्ये शिरावं लागतं. आणि पुष्कळ लोक 'डेल्व्ह डीप' लिहितात ते मला अजिबात खपत नाही. खणणं म्हणजेच खोल जाणं. वरवर कोण खणतं? 'डीप' हा शब्द तिथे फुकटचा आहे. हे मी जेवताना सगळ्यांना दोनदा सांगितलं.

पत्र जसंच्या तसं गेलं. चार दिवसांनी सेक्रेटरी जिन्यात भेटले. "तुमचं पत्र वाचलं हो. शेवटी काय म्हणायचंय ते कुणाला नीट कळलं नाही, पण शब्द भारी वाटला. म्हटलं चर्चा नको, थेट प्लंबरच पाठवू."

प्लंबरने भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक केलं. कान लावला. डॉक्टर पाठीवर वाजवून बघतात तसं डावीकडून उजवीकडे गेला, एका टाइलपाशी थांबला आणि म्हणाला, "काका, फोडावं लागेल."

"जरा आधी बघता नाही येणार?" माझ्या तोंडून चक्क 'लूक इंटू' निघालं.

"बघून काय दिसणार? पाइप कन्सील्ड आहे."

पिशवीतून छिन्नी-हातोडा निघाला. पहिली टाइल अख्खी निघेल म्हणाला होता, ती चार तुकड्यांत निघाली. दुसरी पहिलीच्या सोबतीने गेली. मग सिमेंट, मग वीट, मग धूळ, ती स्वयंपाकघरापर्यंत. तासाभराने पाइप दिसला. कोरडा, ठणठणीत, एल्बोच्या जोडावर पाण्याचा टिपूस नाही. मुलगी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

प्लंबरने खड्ड्यात हात घालून तळ चाचपला, बोटं एकमेकांवर चोळली आणि नाहाणी ट्रॅपच्या दिशेने मान हलवली.

"पाणी खालून येतंय, काका. अजून खोल खणावं लागेल."

'खोल' हा शब्द फुकटचा आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण छिन्नी त्याच्या हातात होती. मी म्हटलं, "खणा."