खुलासा : २०२० ची हार आणि मुंबईची 'पळवापळवी'

'मुंबई सिटीने प्रशिक्षक लोबेरा आणि खेळाडू पळवले, म्हणून एफसी गोवा इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या २०२० च्या उपांत्य फेरीत हरला,' हे पुन्हा फिरतंय. क्रम उलटा आहे. लोबेरांना जानेवारीअखेर आपल्याच क्लबने नारळ दिला. त्यानंतर हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडांच्या हाताखाली जमशेदपूरला ५-० हरवून आपण लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल राहणाऱ्याची ढाल) जिंकली. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनशी दोन लढती : चेन्नईत १-४ हरलो, घरच्या मैदानावर फातोर्ड्यात ४-२ जिंकलो, एकूण ५-६. एका गोलाने! या दोन्ही लढतींपर्यंत जाहू, बूमूस, फॉल, मंदार राव देसाई हे खेळाडू आपलेच होते. ते मुंबईला गेले हंगाम संपल्यावर. (मंदार गेला ते अजून सलतं.) मुंबईने आपल्याला उपांत्य फेरीत पेनल्टीवर बाहेर काढलं, ते पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये.