रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट?

दवाखान्यातून घरी आलेली माणसं सिस्टरबद्दल दोनच गोष्टी सांगतात: सुई टोचताना दुखलं की नाही आणि ती गोड बोलली की खेकसली. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर याचा राग येत नाही, पण आमचं खरं काम यात कुठेच नसतं. ते असतं पेशंटला जे झालंच नाही त्यात. आणि न झालेलं कुणाला दिसणार?

पोटाचं ऑपरेशन झालेला साठ किलोचा माणूस घ्या. त्याच्या युरोबॅगेत तासाला निदान ३० मिली लघवी यायला हवी. सलग दोन तास कमी आली की डॉक्टरांना फोन करायचा, राउंडची वाट बघायची नाही. पल्स आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं यंत्र दाखवतं. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर घड्याळ धरून मोजावा लागतो. मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २०. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी हा आकडा चढतो. म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांच्या चार्टवर श्वास न मोजताच सरसकट २० लिहिलेलं दिसलं, की त्या शिफ्टला माणसं कमी होती हे आम्हाला न सांगता कळतं.

दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून चालवलं की नातेवाईक चिडतात, 'अहो सिस्टर, जरा आराम करू द्या की!' आराम म्हणजे पायात रक्ताची गुठळी आणि छातीत कफ. आधी दुखण्याचं औषध द्यायचं, ते लागू पडलं की हात धरून उठवायचं, टाक्यांवर उशी दाबून खोकायला शिकवायचं. यात अर्धा तास सहज जातो, तोही एकाच पेशंटचा.

आणि बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम. माकडहाडावर, टाचेवर लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झालीच. उपाय जुनाच आहे, दर दोन तासांनी कूस बदलायची. मुंबईच्या केईएमच्या परिचारिकांनी तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांना, त्यांच्यावर हल्ला होऊन त्या अंथरुणाला खिळल्या त्या १९७३ पासून २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात घेतली. त्या निकालावर चर्चा झाली ती दयामरणाची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या कुशी कोण बदलत होतं, हे आम्ही नर्सेस सोडून फारसं कुणी बोललं नाही.

माणसं कमी पडली की इंजेक्शन चुकत नाही, कारण त्याची सही लागते. गळतं ते कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, श्वास मोजणं. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ९ देशांचा अभ्यास आला होता, ४ लाखांहून जास्त सर्जरीच्या पेशंटचा. एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाला ३ खाटांमागे १ नर्स असा आहे, तिन्ही शिफ्ट धरून. म्हणजे कागदावरसुद्धा एका वेळी ९ पेशंट! रजेवर जाणाऱ्यांसाठी वेगळ्या ३० टक्के जागा असाव्यात असंही त्यात आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला काय असतं, ते सरकारी वॉर्डात नातेवाईक म्हणून झोपलेल्यांना विचारा. कूस तेच बदलत असतात, कुणी न शिकवता.

खाजगीत वेगळं चित्र आहे असं समजू नका. बिलात 'नर्सिंग चार्जेस' अशी एक ओळ असते. रूमचं भाडं, एसी, टीव्ही सगळं आपण अॅडमिशनच्या वेळी विचारतो, तसंच रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हेही विचारत जा. काउंटरवर उत्तर मिळालं नाही, तर रात्री नऊनंतर वॉर्डात जाऊन स्वतः मोजा.