पानावर जास्त म्हणजे शिकणं जास्त?

लहान मुलांच्या पालकांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, सांगणं मात्र तेच: चित्रांचं पुस्तक घेताना पानं भरगच्च आणि रंग भडक हवेत, कार्टूनची चित्रं मुलांना पटकन कळतात, उघडून बघायच्या कागदी झडपा, बटणं, आवाज असले तर शिकणं जास्त, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचू नका, रोज नवं द्या, सुरुवात मुळाक्षरांपासून करा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला पुस्तक देऊच नका, ते फाडतं. यातला एकही सल्ला जसाच्या तसा टिकत नाही. एक-दोन तर उलटे केले की बरोबर होतात.

‘पानं भरगच्च हवीत.’ तुम्ही ‘साळिंदर’ म्हणता. मुलाला तो शब्द माहीत नाही आणि समोरच्या पानावर अकरा वस्तू आहेत. शब्द कशाचा, हे ते ओळखणार कसं? हॉर्स्ट आणि फ्लॅक या संशोधकांनी साडेतीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. काहींच्या पुस्तकात समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रं होती, काहींच्या पुस्तकात एका वेळी एकाच पानावर. एकच चित्र पाहणारी मुलं सुमारे दुप्पट नवे शब्द शिकली. दोन चित्रं असतानाही वाचणाऱ्याने आधी योग्य पानावरून हात फिरवला, तर अडचण बरीच कमी झाली. म्हणजे घरात असलेली गजबजलेली पुस्तकं टाकून द्यायची गरज नाही. समोरचं पान कागदाने झाका, बोट ठेवा, मग वाचा.

घेताना एक सोपी चाचणी करा. पुस्तक हातभर अंतरावर धरा, दोन सेकंद पाहा, मिटा. पानावर मुख्य काय होतं हे तुम्हालाच सांगता आलं नाही, तर दोन वर्षांच्या मुलाला ते सापडणार नाही. मग पुस्तक मधोमध पूर्ण उघडून बघा. प्राण्याचं तोंड किंवा चेंडू शिवणीच्या घडीत गडप होतो का? ही चूक महागड्या पुस्तकांतही दिसते. मजकूर नक्षीदार चित्रावर छापला असेल तर वाचताना तुम्हीच अडखळाल. गर्दीच्या पानावर गोष्टी शोधायची पुस्तकं वाईट नसतात. पण त्यातल्या बहुतेक वस्तूंची नावं मुलाला आधीच येत असली पाहिजेत.

रंगांचं म्हणाल तर नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचं सर्वांत नीट दिसतं आणि ठळक काळं-पांढरं त्याचं लक्ष ओढतं, हे खरं. पण रंगांची जाण काही महिन्यांतच बरीच सुधारते. त्यानंतर प्रश्न भडकपणाचा उरत नाही. वस्तू मागच्या रंगातून सुटी दिसते की नाही, एवढंच पाहायचं. हिरव्या पानांत हिरवा पोपट कितीही चकचकीत छापला तरी तो हरवतोच.

‘कार्टूनच कळतं.’ 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 15 आणि 18 महिन्यांच्या मुलांना पुस्तकातून नवं नाव शिकवून खरी वस्तू ओळखायला लावली. छायाचित्रं आणि वास्तवाशी जुळणारी चित्रं पाहिलेल्यांना ते कार्टून पाहिलेल्यांपेक्षा चांगलं जमलं. त्यामुळे पहिल्या नावांसाठी, निदान दोन वर्षांपर्यंत, खऱ्यासारखी चित्रं घ्या. टोपी घातलेलं अस्वल गोष्टीत खुशाल असू दे. अस्वल कसं जगतं हे शिकवायला ते कच्चं पडतं.

‘झडपा आणि बटणं असली की शिकणं जास्त.’ उलट. ओढायच्या पट्ट्या आणि उभी राहणारी चित्रं असलेल्या पुस्तकांतून मुलं नावं आणि माहिती कमी शिकतात, असं मानसशास्त्रज्ञ डेलोश आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं. कारण साधं आहे: हात पट्टीत गुंतला की पुस्तक खेळणं होतं. बटणाच्या पुस्तकात मोठ्यांचं बोलणंही बिघडतं. ‘हत्ती कुठे चाललाय?’ ऐवजी ‘आता हे दाब, थांब, ते नको’ सुरू होतं. झडप ठेवायचीच तर अशी, जिच्याखाली गोष्टीच्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि समोरासमोरच्या दोन पानांत जी एकच आहे.

आवाजाच्या पुस्तकाचा मागचा कप्पा न चुकता तपासा. आत बहुधा नाण्यासारखी बटण बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजतं. झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं नसेल तर पुस्तक परत ठेवा.

‘रोज नवं पुस्तक द्या.’ या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण तो ऐकून पालक मुलाचा ‘परत!’ मोडून काढतात. 2011 साली हॉर्स्ट यांच्या गटाने तीन वर्षांच्या काही मुलांना आठवडाभरात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, इतरांना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्ही गटांना सारख्याच वेळा ऐकू आले. तरीही तीच गोष्ट ऐकणाऱ्यांनी ते जास्त चांगले शिकले. पुढे काय होणार हे माहीत असलं की लक्ष मोकळं होतं आणि नव्या शब्दाकडे वळतं.

बदलायचं ते आपलं बोलणं. पहिल्यांदा सलग वाचा, मध्ये प्रश्न नकोत. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला ‘हे काय? काय करतंय?’ विचारा आणि उत्तरासाठी पाच सेकंद थांबा. बहुतेक मोठी माणसं दोन सेकंदांतच स्वतः उत्तर देऊन टाकतात. मूल ‘कुत्रा’ म्हणालं तर ‘हो, ओला कुत्रा’ असं एक शब्द वाढवून परत द्या. चौथ्यापासून ओळीचा शेवट त्याच्यावर सोडा. नंतर ‘का?’ आणि ‘तुझ्यासोबत असं कधी झालं?’

म्हणून दहा वाचनं पेलेल असंच पुस्तक निवडा: परत परत येणारी ओळ हवी आणि चित्रात मजकुरात न सांगितलेलं काहीतरी चाललेलं हवं. दोन पानं मोठ्याने वाचून पाहा. पहिल्याच वेळी वाक्यं गाळावीशी वाटली, तर दहाव्यांदा तुम्ही पुस्तक लपवून ठेवाल.

‘मुळाक्षरांपासून सुरुवात करा.’ वाचून दाखवताना मुलांच्या नजरेचा माग घेतला तेव्हा शाळेआधीच्या वयातली मुलं जवळपास सगळा वेळ चित्रांकडेच पाहत होती. त्यात मराठी अक्षरांच्या पुस्तकांची स्वतःची गडबड आहे. ‘ण’ने शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘ण बाणाचा’; मूल ऐकतं ‘बा’. ‘ळ कमळाचा’ तेच. ‘ष’ला षटकोन, जो कुठलीही वस्तू नाही. चमच्यातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ उच्चारात वेगळे, पुस्तकात एकच. तीनेक वर्षांपर्यंत यमकं, बडबडगीतं आणि आवाजांची नक्कल असलेली पुस्तकं अक्षरओळखीची पूर्वतयारी जास्त चांगली करतात.

आकड्यांच्या पुस्तकात ‘3’च्या पानावर तीन बदकांसोबत चार कमळं आणि एक सूर्य असेल तर नक्की काय मोजायचं? रंगांच्या पुस्तकात ‘लाल’ म्हणून एकटं सफरचंद असेल तर ‘लाल’ हे फळाचंच नाव ठरतं. तीन-चार वेगळ्या आकारांच्या लाल वस्तू हव्यात.

‘ते फाडतं.’ फाडणारच. नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू बोटांनी उचलायला बघतात. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे हाताळूनच उमगत जातं आणि दीड वर्षाच्या सुमारास ओरबाडण्याची जागा बोट दाखवणं घेतं. तोवर जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, पाच-सहा पानांची, बाळाच्या दोन्ही हातांत मावतील अशी पुस्तकं द्या. कोपरे चघळून पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटू लागले की ते तुकडे घशात जातात. तेव्हा पुस्तक बदला. नुसतं पान फाटलं असेल तर पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा आणि तेच पुस्तक परत हातात द्या.