किती खाल्ले म्हणे!

आज संध्याकाळी मुलाची बास्केटबॉलची मॅच बघायला ग्राउंडवर गेले होते. शेवटच्या क्वार्टरला एक पोरगा बॉल घेऊन सुसाट आला आणि समोर पाय रोवून उभ्या असलेल्या डिफेंडरला जाऊन धडकला. रेफरीनं चार्ज दिला, म्हणजे फाउल धडकणाऱ्याचा. माझ्या शेजारी बसलेले त्या पोराचे वडील घसा ताणून ओरडले, "काय बे, किती खाल्ले?" लोक हसले. रेफरी पंचविशीतला असेल. ऐकलं त्यानं. स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलला खूण केली आणि पलीकडे पळाला.

किती खाल्ले? सांगते ना.

माझे धाकटे दीर रेफरी आहेत. मागच्या मे महिन्यात इथल्याच एका स्पर्धेला गेले होते. नागपूरचा मे तुम्हाला काय सांगायचा! म्हणून मॅचेस सकाळी सहापासून ऊन चढेपर्यंत आणि मग संध्याकाळी लाइटखाली. मोठं शहाणपणाचं टाइमटेबल. खेळाडू आपली मॅच खेळून घरी कूलरसमोर. रेफरीनं दुपारभर जायचं कुठे? भाऊजी राहतात हिंगण्याला, दोनदा जायचं-यायचं म्हणजे पेट्रोलच किती. मंडपातल्या सतरंजीवर पडून राहिले. जेवणाची कुपनं खेळाडूंना होती, रेफरींची राहून गेली म्हणे. दरवर्षी बरी राहून जातात!

आणि हे काय खुर्चीवर बसून करायचं काम आहे? दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे कागदावर ४० मिनिटं. घड्याळ थांबतं, टाइमआउट, फ्री थ्रो धरून दीड तास सहज जातो. कोर्ट २८ मीटरचं, त्यावर दोघंच रेफरी, बॉलमागे इकडून तिकडे. भाऊजींना ओळीनं मॅचेस लावल्या, कारण दुसरी जोडी बोलवायची तर आणखी दोन पाकिटं लागतात. ब्लॉक की चार्ज, म्हणजे चूक अडवणाऱ्याची की धडकणाऱ्याची, हे पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. थकल्यावर आधी पाय उशिरा पोचतात, मग नजर. आणि तेव्हाच नेमके तुम्ही ओरडता.

आयोजक पदरचे पैसे घालतात, मान्य. काही रेफरी उर्मट असतात, तेही मान्य.

पण मग त्या फायनलचं सांगा. पाहुणे उशिरा आले म्हणून मॅच खोळंबली. त्यांना हार, शाल, श्रीफळ. स्टेजवर कमरेएवढी ट्रॉफी. गेटपासून कोपऱ्यापर्यंत फ्लेक्स. पाहुणे खेळाडूवृत्तीवर बोलत सुटले, आणि भाऊजी साइडलाइनला पोटऱ्या दाबत उभे. मॅच संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. पाकीट? "भाऊ, उद्या या न." आठवडाभर फोन केल्यावर मिळालं. आत पाचशेची एक नोट. सकाळ-संध्याकाळ सगळी मिळून! फ्लेक्सवाल्याला "उद्या या" म्हणून बघा बरं.

शिट्टी, बूट, काळी पँट, सगळं स्वतःच्या खिशातून. ती फॉक्स ४० शिट्टीसुद्धा एका कॅनेडियन रेफरीनंच काढली, रॉन फॉक्सक्रॉफ्टनं, ऐन मॅचमध्ये जुन्या शिट्टीतला दाणा अडकला म्हणून. हे मला भाऊजींनीच सांगितलं, अगदी कौतुकानं. आवड आहे हो त्यांना, आणि त्या आवडीवरच हे सगळं चाललंय. आजच्या त्या रेफरीला मॅचनंतर पाण्याची बाटली नेऊन दिली तर केवढा ओशाळला. टेबलवर बास्केटकडे बॉल टाकायची चोवीस सेकंदांची मुदत मोजणारं घड्याळ सांभाळणारी कॉलेजची मुलगी होती, तिला तर समोशावरच बोळवतात.

फी मॅचमागे असावी आणि आधी सांगावी. एका मॅचनंतर एक मॅच बसायला मिळावं. पैसे त्याच रात्री फोनवर टाकावेत, मिनिटाचं काम आहे. दुपारी एक खोली, पंखा, जेवण. यात जास्तीचं काय मागितलं?

पुढच्या आठवड्यातल्या स्पर्धेचे आयोजक माझ्या यादीत आहेत. भाऊजींचं नाव तुम्ही न विचारताच लावलंय, तेही एका दिवसात चार मॅचना. फी किती ते इथेच कॉमेंटमध्ये लिहा. आणि भाऊजी, तुमचा फोन येणार मला ठाऊक आहे. पोस्ट डिलीट करणार नाही.